वालवरच्या चुन्याच्या टिकल्या

चहा थंडा झाला तरी चालते, पण हे ऐका. तवा मी तलमडुगूकडल्या एका गावात मास्तर होतो. भीमजयंतीचा भोंग्याचा सेट जुना, काचेच्या वालचा, म्हंजे बल्बासारख्या नळ्यांचा. भैंसा गावाहून आलेला मेकॅनिक म्हणे, "माईककडचे दोन वाल नवे टाका, आवाज खुलते." जयंतीचा कारभार पाहणाऱ्या किसनकाकांनी वर्गणीतून टाकाले सांगतलं. मले शंका, हा जुनेच ठेवून पैसे घेते का काय. म्या पानाच्या डबीतला चुना घेऊन दोन्ही जुन्या वालवर गुपचूप टिकल्या लावल्या.

मेकॅनिकनं पाठमोरं बसून काम केलं, जुने वाल म्हणून कागदाची पुडी माह्या हाती देल्ली अन् माईकमंदी "हॅलो, हॅलो" केलं. सगळे माह्याच तोंडाकडं पाहून राह्यले. गावात शिकेल मीच. म्या डोळे मिटले अन् म्हटलं, "खुलला!"

किसनकाका म्हणे, "मास्तरले कान हाय बाप्पा!"

मेकॅनिक गेल्यावर म्या पुडी सोडली. आतल्या वालवर चुना कुठंच नाही. सेटचं झाकण काढलं, तं दोन्ही टिकल्या आतमंदी, जशाच्या तशा!

तेवढ्यात मागून किसनकाका आले. "काऊन मास्तर, काही गडबड हाय का?"

म्या झाकण लावलं. "नाही जी. आवाज खुललाच."