महादेवीच्या दोन ओळी

— न्हाय न्हाय, बिराप्पा, पाया पडू नका, खुर्चीवर बसा तुम्ही. धाकटीचं नाव घालतो की क्लासला, शुभांगीचं, त्याची काळजी न्हाय. पण मघाशी म्हणालात ना — ‘थोरलीच्या वेळी तुम्ही खरं सांगितलं, म्हणून हिलाबी तुमच्याकडंच आणली’ — तेवढं बोलू नका. का म्हणजे? … सांगतो. चहा घ्या आधी.

तीन वर्षं झाली बघा. तुमची थोरली, महादेवी, अकरावी सायन्सला, माझ्याच वर्गात. त्या दिवशी मी डिटरमिनंट शिकवत होतो. म्हणजे कसं — दोन उभ्या रेघा, आत तीन ओळी, तीन रकाने, आकडे न्हायतर अक्षरं. त्याची किंमत काढायची. एक रस्ता लांबचा — सगळं फोडायचं, गुणायचं, वजा करायचं. दुसरा जवळचा, पण त्याला बघायची नजर पाहिजे. मी आपला लांबच्या रस्त्यानं गेलो, फळा भरला, खाली उत्तर लिहिलं. ही उठून उभी राहिली — ‘सर, शून्य येतंय.’ हळूच म्हणाली हो, उद्धटपणा अजिबात न्हाय. वही बघितली तर दोन ओळी. दुसरा रकाना तिसऱ्यात मिळवला, तर तिसऱ्यात वरपासून खालपर्यंत एकच बेरीज आली — ए अधिक बी अधिक सी. ती बाहेर काढली, आत उरले एक, एक, एक. आणि पहिला रकानाबी एक, एक, एकच. दोन रकाने सारखे झाले की किंमत शून्य, नियमच आहे तो. संपलं. बावीस वर्षं हेच शिकवतोय मी, बिराप्पा, आणि मला दिसलं न्हाय. फळ्याकडं वळलो तर माझं एक चिन्ह चुकलेलं — वजाच्या जागी अधिक.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं, पुसायचं आणि नीट लिहायचं. एवढंच तर होतं. पण साठ पोरं बघत होती, मागं कुणीतरी हसलं — मला हसलं का आणि कशाला, अजून ठाऊक न्हाय. मी फळा पुसला. सगळा. आणि तिला विचारलं, ‘कुठल्या गाईडमधून उतरवलंस?’ ती म्हणाली, ‘उतरवलं न्हाय सर, दिसलं मला.’ तेच झोंबलं बघा — तिला दिसलं म्हणून.

मग तुम्हाला बोलावलं. मेंढरं भावाकडं सोडून आलात तुम्ही, ऑफिसच्या दारात चपला काढल्या. मी म्हणालो, पोरगी नक्कल करते, गणित तिच्या डोक्यात जायचं न्हाय, आर्ट्सला टाका. एक सवाल केला न्हाय तुम्ही मला. ‘सर म्हणतेत म्हणजे असंल.’ मी खिडकीतून बघत होतो — गेटपाशी ती तुम्हाला वही दाखवत होती, तुम्ही हातातून घेतली आणि मिटली. मारलं न्हाय, ओरडला न्हाय. मिटली फक्त. तिथवर यायला मला एक मिनिट लागलं असतं. आलो न्हाय मी.

आता काय करती ती? … दवाखान्यात, पेशंटचे नंबर लावती. व्हय, ऐकलं होतं. पुढं शिकायचं तिनंच नको म्हटलं? … म्हणंलच की.

तिनं नक्कल केली नव्हती, बिराप्पा. कधीच न्हाय. चूक माझी होती आणि ती मला तिथंच, उभ्या उभ्या कळली होती. हे घरात बायकोला, सत्यभामालाबी सांगितलं न्हाय मी. तुम्हालाबी सांगणार नव्हतो, पण तुम्ही ‘खरं सांगितलं’ म्हणालात आणि —

शिव्या द्या. … काय? … तिला? व्हय, सांगतो की, रविवारी घरी येतो तुमच्या, सकाळच्या — … आत्ता? आत्ता दवाखान्यात असंल ती. तिथं माणसं असतेत, बिराप्पा, रांग असती, सगळ्यांसमोर कसं — …

व्हय. वर्गातबी होती माणसं.

थांबा, गाडी चालू करू नका, आलो मी. — पोरांनो, आज क्लास न्हाय. जावा घरी.