आबांच्या नावावरचं लायसन

...आणि वर त्या कंपनीनं आबांना काय सांगावं? तर म्हणे, कॅमेऱ्याकडे बघा आणि डोळे मिचकवा! आता तुम्हीच सांगा, आबांनी मिचकवायचे कसे? माणूस जाऊन दशक उलटलं हो! भिंतीवर आहेत, चंदनाचा हार घालून! आणि हा धनेश, त्यांचा नातू, तो फोटो खाली उतरवून कॉम्प्युटरसमोर धरून उभा, आणि पडद्यावर अक्षरं येतायत, ‘चेहरा स्पष्ट आहे. आता डोळे मिचकवा.’ मागून त्याची आई, नर्मदावहिनी, अशी कडाडली म्हणता, “तेंनी जिते असताना कोणाकडे बघून डोळो मिचकवक नाय, आता खंयचे मिचकवतत!”

थांबा, थांबा. नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल ह्या म्हाताऱ्याचंच डोकं फिरलंय.

मी त्यांचा शेजारी. मध्ये फक्त एक चिऱ्याचा गडगा, दगडी कुंपणच म्हणा ना, तोही कमरेइतका, त्यामुळे त्यांच्या कढीत मीठ कमी पडलं तरी मला इकडे कळतं. धनेशचा बाप बाबली, देवमाणूस. देवासारखाच, म्हणजे बोलतच नाही. आणि ह्या घराची एक रीत आहे तुम्हाला सांगतो, घरात जे काय आहे ते सगळं आबांच्या नावावर! घरपट्टी आबांच्या नावावर, काजूची बाग आबांच्या नावावर, गॅस आबांच्या नावावर. आबा गेले, नाव तसंच. बाबलीनं एकदाच, आयुष्यात एकदाच हिंमत केली, लाइटचा मीटर स्वतःच्या नावावर करायला अर्ज दिला... त्याच संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर जळला, अख्खी वाडी काळोखात! वायरमन म्हणाला, माकड चढलं होतं. वाडी म्हणाली, “पण माकडाक धाडल्यान कोणी?” संपलं. अर्ज मागे. मीटर आबांच्या नावावर.

तर हा धनेश पुण्याला कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर बनवायचा. चांगली नोकरी, पण खोलीची खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. कंटाळला, गावी आला, म्हणाला, इथेच राहून पोट भरीन. आणि भरलं हो! आमच्या खाडीतून होड्या जातात ना पर्यटकांना घेऊन, डॉल्फिन दाखवायला, त्या होडीवाल्यांना त्यानं तिकिटाचं ॲप करून दिलं. लोक मुंबईत बसून होडीतली जागा धरतात. होडीवाल्यांचा पुढारी निलेश खूश. पण निलेश म्हणजे कसा, खूश असताना मिठी मारेल आणि बिनसलं की वल्हं मारेल.

आता सॉफ्टवेअर बनवायला पण एक सॉफ्टवेअर लागतं, हे मलाही तेव्हाच कळलं. सुताराकडे रंधा असतो ना, तसं. फरक एवढाच, की रंधा एकदा घेतला की तो सुताराचा. हा रंधा तुमच्या घरात, तुमच्या हातात, आणि मालक मात्र सातासमुद्रापलीकडे बसून म्हणणार, रंधा जुना झाला, नव्या लाकडावर चालायचा नाही, नवं पातं घ्या, पैसे भरा! आणि घेताना ते लायसन घ्यायचं, त्यात मालकाचं नाव घालायचं. धनेशनं विचारलं, कोणाचं घालू? वहिनी फोडणी घालता घालता म्हणाल्या, “इचारतस काय? आबांचा घाल. नको बाबा परत माकड!” आणि ह्या शिकलेल्या पोरानं... घातलं! आबांच्या नावावर!

चाललं. दोन-तीन वर्षं छान चाललं. आणि ऐन हंगामात मोबाइलवाल्यांनी नियम काढला, की जुन्या हत्यारानं केलेली ॲपं शुक्रवारपासून नव्या फोनवर चालायची नाहीत. शनिवारपासून सुट्ट्या, होड्या भरलेल्या! निलेशचा फोन, “धनेशा, शनवारी तिकीट दिसाक नाय तर मी पुण्याच्या कंपनीक काम देतलंय. आणि मगे तूय जा थंयच, तेंच्याकडे नोकरी कर!” म्हणजे बघा, एका पात्यावर पोराचं गावात राहणं लटकलं. त्यानं काय करावं? गुरुवारी सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून नव्या पात्याचे पैसे भरले. पैसे लगेच गेले, हां! तिथे डोळे मिचकवा वगैरे काही नाही! पैसे गेले आणि मग विचारतात, लायसनधारक कोण? ओळख पटवा.

तुम्ही म्हणाल, मग स्वतःच्या नावावर नवीन घ्यायचं! मीही गडग्यावरून तेच ओरडलो. धनेश रडवेला होऊन म्हणतो, “काकानु, ॲपाची किल्ली आबांच्या खात्यात आसा. नवीन घेतलंय तर ॲपच नवीन होतला, आणि जुन्यावर लोकांनी केलेली सगळी बुकिंगा जातली!”

म्हणून तो फोटो. फोटो काही मिचकवेना, तेव्हा पडद्यावर एक मुलगी आली. कंपनीची मदतनीस, अक्षया. गोड आवाज, शुद्ध बोलणं. “सर, लायसन्सधारक शंकरजींना समोर आणता का?” शंकरजी म्हणजे आपले आबा! धनेश म्हणाला, “ते... येऊ शकत नाहीत.” “आजारी आहेत?” “नाही, आता काही त्रास नाही त्यांना.” “बाहेरगावी आहेत का?” “हो, तसे... बाहेरगावीच.” “परत कधी येतील?” आणि मागून वहिनी, खोटं बोलायची सवय नाही हो बाईला, पटकन म्हणाली, “म्हाळयाक येतत! पण औंदाचो म्हाळय होऊन गेलो.” अक्षयाला काय कळणार, पितरांना जेवायला बोलावतात त्या दिवसाचं ही बाई सांगतेय! तिनं लिहून घेतलं!

मग म्हणाली, “सर, आज पडताळणी झाली नाही तर विनंती रद्द होईल. आणि एक सांगून ठेवते, लायसन्स दुसऱ्याला देता येत नाही. धारक हयात नसेल तर ते आपोआप बंद होतं.” ऐकलंत? म्हणजे आबा गेले म्हणावं तर लायसनही गेलं, होड्याही गेल्या, पोरगं पुण्याला! धनेशचा चेहरा पडला. आणि मग त्यानं वळून बापाकडे बघितलं. बाबलीचं नाक आबांचं, कान आबांचे, टक्कलसुद्धा आबांचं...

बसवला! आबांच्या आरामखुर्चीत, जिथे आजवर मांजराचीसुद्धा बसायची छाती नव्हती, तिथे बाबलीला बसवला! अंगात आबांचा कोट, डांबरगोळ्यांचा वास मारणारा. अक्षयाला सांगितलं, आत्ताच आले बाहेरगावाहून! डोळे मिचकवा म्हटलं, मिचकवले. घाबरून चार वेळा जास्तच मिचकवले. हातात आबांचं जुनं ओळखपत्र. अक्षया ते बघते, बाबलीला बघते, परत ते बघते. “सर, ह्यावर तुमचं जन्मसाल एकोणीसशे छत्तीस आहे... तुम्ही नव्वदीचे अजिबात वाटत नाही!” वहिनी म्हणाली, “रोज बांगडो खातत!”

सुटलो असं वाटलं हो. मी तर इकडे हात जोडले. आणि ती म्हणते, “छान! आता फक्त एकदा म्हणा, मी शंकर, हे लायसन्स माझं आहे.”

बाबलीनं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. खुर्चीचे हात असे घट्ट धरले की वेत करकरला. धनेश खालून हात जोडतोय, वहिनी पदर तोंडात धरून उभी, घड्याळ पुढे चाललंय, आणि बाबलीच्या डोळ्यांतून पाणी! म्हणतो कसा, “बाय माजे, जमाचा नाय माका. बापाशीच्या खुर्चेत बसान बापूस मीच म्हणान कसा सांगू? आबा गेले. आमी नाव काढूक नाय, इतक्याच.”

झालं! धनेश मटकन खाली बसला. रागावला नाही, हेच वाईट. “बरा केलास, बाबा,” एवढंच म्हणाला आणि फोनवर पुण्याच्या गाड्या बघायला लागला. तुम्हाला सांगतो, त्या घरात आबा गेले तेव्हासुद्धा अशी शांतता नव्हती, तेव्हा निदान वहिनी रडत होत्या.

पण ती अक्षया चांगल्या घरातली असणार. वरच्या साहेबाशी बोलली आणि म्हणाली, “सर, एक वाट आहे. त्यांच्या सगळ्या वारसांना मी दुवा पाठवते. सगळ्यांनी आज संमतीचं बटण दाबलं, तर लायसन्स वारसांच्या नावे चालू राहील.” सगळ्या वारसांनी! कोकणात! एका दिवसात! अहो, आमच्याकडे सामाईक विहिरीचा रहाट बदलायला सगळ्यांची सही मिळेपर्यंत विहीर आटते!

कुणकेश्वरच्या आत्यानं काय आहे ते न विचारताच दाबलं, म्हणाली, “भावान सांगल्यान मगे झाला.” विजयदुर्गच्या आत्यानं आधी चष्मा शोधला, मग बोट शोधलं, पण दाबलं. राहिला तातूकाका. बाबलीचा धाकटा भाऊ, डोंबिवलीला. दोघांचं बोलणं बंद. का, तर हद्दीवरचा फणस. फणस कधीच पडला, भांडण अजून उभं!

धनेशनं फोन लावला. तातूकाका एकदम तापलाच, “आबांच्या नावार आणखी एक वस्तू होती आणि माका आज कळता?” “काका, तसली वस्तू न्हय, लायसन आसा.” “कितके गुंठे?” “गुंठे नाय काका, सॉफ्टवेअर!” “ता माका शिकवू नको. रस्त्याक लागान आसा की आतमध्ये, तितक्या सांग!” अर्धा तास, तुम्हाला सांगतो, अर्धा तास तो रस्ता सोडीना! तिकडे निलेशचे फोनवर फोन, इकडे उन्हं कलायला लागलेली. शेवटी बाबली उठला. तो न बोलणारा बाबली! पोराच्या हातून फोन घेतला.

“तातू,” म्हणाला. “तातू, तुजा नाव पयला घाल. फणसाची जागाय तुजी, मी सोडलंय. माका काय नको. माजो झील, ह्यो धनेश, माका गावात होयो, इतक्याच.”

पलीकडे तो खाकरला. मग म्हणतो, “खंयचा बटण दाबूचा ता सांग...” गडग्याअलीकडे मीसुद्धा डोळे पुसले, खोटं कशाला बोलू?

तर मंडळी, पातं मिळालं, ॲप झालं, शनिवारी होड्या गच्च भरून गेल्या, आणि निलेशनं येऊन धनेशला मिठी मारली. लायसनावर आता तातूकाका, बाबली, दोन आत्या, सगळ्यांची नावं. दिवाळीला तातूकाका सहकुटुंब आला, दोघे भाऊ शेजारी बसून जेवले, आणि हात धुऊन तो थेट कॉम्प्युटरपुढे येऊन उभा राहिला, “हेच्यात माजो भाग खंयचो?” धनेशनं बिचाऱ्यानं पडद्याची उजवी बाजू दाखवली.

आणि परवा काय झालं ठाऊक आहे? पुण्याच्या एका कंपनीनं धनेशला बोलावलं, फक्त आठ दिवसांसाठी, मानानं, येण्याजाण्याचा खर्च देऊन. मी म्हटलं, जाऊन ये रे बाबा, चार लोक भेटतील! तर म्हणतो, “कसो जाव, काकानु?” आठ दिवस सोडा, तो कॉम्प्युटर रात्रीचासुद्धा बंद करत नाही आता. बंद आहे असं डोंबिवलीला कळलं, की तातूकाका म्हणणार तुमची वहिवाट मोडली, ताबा सुटला, आणि येऊन बसणार लॉगिन करून!