ऐकणारं कुणी असेल तरच

पोलंडमधल्या ग्दान्स्कमध्ये पोंच्की, म्हणजे जॅम भरलेले तळलेले डोनट, घ्यायला भली मोठी रांग लागली होती. म्हाताऱ्या हालिनाबाईंच्या पुढे दोन इंजिनियर उभे होते.

"रादेक, अरे, कोड तपासणाऱ्यांनी घेतला माझा बदल. चौथ्या खेपेला."

"कुठला गं, यागोदा?"

"प्रोसेसर आपण किती तापलोय ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला सारखं कळवत राहतो ना, त्यावरचा. ऐकणारा प्रोग्रॅम नसला तरी याची बडबड चालूच. बॅटरी फुकट जाते."

"आणि आता?"

"आता ऐकणारं कुणी आलं तरच बोलायचं. ते गेलं की गप्प."

"इतकं सोपं?"

"सोपं? आठ महिने गेले माझे."

"बरं बाई. आईला कळवलंस?"

"तिला काय कळणार त्यातलं?"

हालिनाबाईंना राहवलं नाही.

"सांग गं तिला. मला कळलं की."