तार चुकली तर

नगरला मेंदूच्या दवाखान्यात नंबरची वाट बघता बघता निकिताचे कान मागच्या बाकावर गेले. तिथं सोनईकडचं म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हाताऱ्याच्या हातांच्या थरथरीनं बाकसुद्धा हलत होता.

“कवटीला भोक पाडून आत तार घालनार, अन् तुमाला जागंच ठेवनार?”

“व्हय. थरथर थांबवायची नवी तऱ्हा हाय. मी आपलं बोलत ऱ्हायचं. बोलनं भरकटलं, की तार चुकली.”

“आगं बया! मग बिबट्याला उसाचा रस पाजल्याची थाप तिथं मारू नका!”

“मग काय बोलू?”

“खरं बोला. जमंल का?”

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मालन, मला लई भ्या वाटतंय.”

“अहो... ही बी थापच हाय म्हना.”