दुसऱ्या मजल्यावरची रोझी

ठाण्यात बसच्या रांगेत उत्तराच्या पुढे एक बाई लेकीला हॉस्टेलवर सोडायला निघाली होती. उत्तराचे डोळे मोबाइलवर होते, कान मात्र पुढेच.

"सेरेना, हॉस्टेलात वायफाय फुकट कसं गं?"

"फुकट नाही मम्मी. युनिव्हर्सिटी फक्त वायरी टाकते. नेटचं बिल जुने विद्यार्थी भरतात, एकेक मजला वाटून. जो भरेल, तो सांगेल ते नाव त्या वायफायला."

"तुमच्या मजल्याचं काय नाव?"

"रोझी कोळंबीवाली."

"आपली रोझी? कोपरची?"

"हो. तिचा मुलगा डिनो भरतो. तो तिथेच शिकलेला ना."

"अगो बाय. मरेपर्यंत साधा फोन नव्हता गं तिच्याकडे."

"आता आमच्या सगळ्यांच्या फोनात तीच असते. नेट गेलं की पोरी विचारतात, रोझी कुठे गेली? परत आलं की कुणीतरी पॅसेजमधून ओरडतं, रोझी आली."

बस आली. रांग पुढे सरकली, बाई जागीच उभी. उत्तरानेही तिला 'चला' म्हटलं नाही.

"आपल्या गल्लीत पण असंच ओरडायचे," बाई म्हणाली. "आम्ही टोप घेऊन बाहेर धावायचो."