दुसऱ्या वल्ह्यावर कोण?

"हरेश्वर, होडीत बसलास की दुसऱ्या वल्ह्यावर कोण आहे ते आधी बघ. मग आपलं वल्हं उचल."

मंडळी, हे वाक्य माझं नाही. खारवेळ नावाच्या गावातल्या एका आईचं आहे. मुलगा पाचसहा वर्षांचा असताना तिने त्याला पहिल्यांदा होडीत बसवलं, तेव्हा सांगितलं. मुलगा मोठा झाला, नाखवा झाला, स्वतःच्या दोन होड्या झाल्या. आई देवाघरी गेली. वाक्य मात्र कानात राहिलं. आता कानात राहणं आणि ध्यानात राहणं यात केवढं अंतर असतं, ते तुम्हाला मी काय सांगू? रोज देवापुढे बसून तोंडाने नाम आणि मनात गॅसवरचं दूध — हा अनुभव सगळ्यांना आहे. हसू नका, मलाही आहे.

तर आजचा प्रश्न असा. आपल्याला मोठं काम करायचं आहे. एकट्याने होणारं नाही. सोबतीला माणूस हवा. मग तो कसा निवडावा? आपल्या प्रत्येक शब्दाला 'हो' म्हणणारा, की मधेच 'थांब' म्हणणारा?

दूरदेशी म्हणे राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहणारा माणूस आधी आपला उपाध्यक्ष निवडतो आणि मग दोघं मिळून मतं मागतात. त्या एका नावावरून तिकडे महिना महिना खल चालतो. आमच्या यजमानीणबाई परवा बातम्या ऐकता ऐकता म्हणाल्या, "ताई, नवऱ्यामुलाला स्थळ शोधावं तसं चाललंय हे!" मी म्हटलं, बाई, त्याहून अवघड. नवरा-बायकोचं भांडण घरात मिटतं. या दोघांचं गावाला भोवतं!

आणि ही रीत काही फक्त दूरदेशची नाही बरं. ऐका.

खारवेळ हे खाडीच्या काठचं कोळ्यांचं गाव. त्यांची बोली फार गोड, पण मला पुरती येत नाही, म्हणून मी आपल्या बोलीत सांगते. त्यांनी मला माफ करावं. गावात मच्छीमारांची सोसायटी होती आणि तिच्या अध्यक्षाला गावात राजाचा मान. निवड व्हायची नारळी पौर्णिमेला. जो अध्यक्षपदाला उभा राहील त्याने आपला उपाध्यक्ष बरोबर घ्यायचा, आणि त्या सकाळी सगळ्या गावासमोर दोघांनी एक छोटी होडी वल्हवत खाडीच्या तोंडावरच्या कासवखडकापर्यंत जायचं. तिथे गावाचा नारळ दर्याला द्यायचा आणि परत यायचं. यंत्र नाही, शीड नाही. होडीत आडव्या फळ्या दोन, एक पुढे, एक मागे. वल्ही दोन. बस्स. भाषणं वगैरे काही नाही. मंडळी, किती सुखी गाव! उमेदवाराचं भाषण नाही!

ही शर्यत नव्हती हं. आधी कोण आलं याला किंमत नव्हती. दोघं एका होडीत कसे वागतात, ते गावाला बघायचं असायचं. दुपारी देवळाच्या अंगणात मतदान. ज्याला ज्याची बाजू पटेल त्याने त्या बाजूला जाऊन बसायचं.

त्या वर्षी आपला हरेश्वर उभा राहिला. माणूस दिलदार, आवाज मोठा, अंगात बळ. दोष एकच — घाई. सगळं आता, सगळं माझ्या हातून! समोर उभा होता बर्फवाला वामनशेठ. तोही काही वाईट नव्हता. माझ्या गोष्टीत खलनायक नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी रात्री घरी जाऊन मालिका लावावी.

हरेश्वरला उपाध्यक्ष हवा होता. त्याची बायको द्वारका म्हणाली की घरात सोन्यासारखा माणूस असताना बाहेर कशाला शोधता? माझा भाऊ भालचंद्र घ्या. हा भालचंद्र म्हणजे — कसं सांगू? हरेश्वर म्हणाला, आज ऊन आहे, तर भालचंद्र घाम पुसणार. हरेश्वर म्हणाला, छे, ढग आहेत, तर भालचंद्र छत्री शोधणार. मनाचा निर्मळ, भावोजींवर जीव टाकणारा. पण आयुष्यात कधी 'नाही' म्हणाला नाही. जेवताना वाढणाऱ्यालासुद्धा नाही, आणि ते त्याच्या अंगावर दिसायचं!

दुसरं एक नाव गावात निघत होतं. चांगुणाबाय. नवरा गेलेली, सुकी मासळी विकणारी, पन्नाशीची बाई. सोसायटीच्या प्रत्येक सभेत ती उभी राहायची आणि एकच विचारायची, "खडकावरचा दिवा कधी लागणार?"

हा दिवा काय ते ऐका. कासवखडक भरतीला जवळजवळ बुडतो, नुसती पाठ वर राहते. एक म्हातारा रोज तिन्हीसांजेला तिथे जाऊन कंदील लावून यायचा. त्याचा तो नेम होता. तो वारला आणि नेम तुटला. लावायचं सगळ्यांनी ठरवलं — आणि जे सगळ्यांनी ठरवलं ते कोणीच केलं नाही. एका संध्याकाळी चांगुणाबायचा लेक अंधारात त्या खडकावर आपटला. पोहत घरी आला, देवाची कृपा, पण होडीच्या फळ्या झाल्या. तेव्हापासून लेक दर्यात गेला की ही बाई दारात बसून असायची. तिला अध्यक्षपद नको होतं, मान नको होता. तिला दिवा हवा होता.

आणि हरेश्वर दर सभेत हसून म्हणायचा, "बाय, मी अध्यक्ष झालो की लावतो." हे ऐकून ऐकून ती एकदा भर सभेत म्हणाली, "हरेश्वर, तुझा शब्द ताज्या मासळीसारखा आहे. सकाळी चमकतो, संध्याकाळी जवळ बसवत नाही."

सभा हसली. हरेश्वरला लागलं. लागणारच! अशा बाईला कोण आपल्या होडीत घेईल? त्याने भालचंद्रचं नाव सांगून टाकलं.

पौर्णिमा उजाडली. काठावर सगळं गाव. बायकांच्या केसांत अबोली, पोरं होड्यांवर चढलेली, ढोल वाजतोय. वामनशेठची होडी आधी सुटली, नीट गेली, नारळ देऊन परत आली. गावाने टाळ्या वाजवल्या.

मग हरेश्वर. टोपी सावरली, दर्याला हात जोडले, पुढच्या फळीवर बसला आणि उजवीकडे वल्हं मारलं. मागच्या फळीवर भालचंद्र. होडी दहा हात गेली — आणि वळली. हरेश्वरला वाटलं, प्रवाह असेल. त्याने जोर केला. होडी आणखी वळली. काठ समोर आला, देऊळ समोर आलं, पुन्हा दर्या समोर आला! हरेश्वर मागे न बघता म्हणतो, "भालचंद्र, जोर लाव." भालचंद्रने असा जोर लावला, असा लावला, की होडी भोवऱ्यासारखी फिरायला लागली! मंडळी, आपण देवाला प्रदक्षिणा घालतो. हा स्वतःलाच घालत होता! काठावर हसून हसून बायकांचे पदर तोंडाला. ढोलवाल्यांनी ढोल थांबवला, कारण त्यांना हात पोटावर धरायचे होते.

आणि त्या हसण्यातून एक आवाज आला. चांगुणाबाय हसत नव्हती. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती म्हणाली, "हरेश्वर, थांब. मागे बघ."

मागे बघ! मंडळी, त्या क्षणी कानातलं वाक्य ध्यानात उतरलं. दुसऱ्या वल्ह्यावर कोण आहे ते आधी बघ. हरेश्वर मनात म्हणाला, आई, मी नाव बघितलं, नातं बघितलं. माणूस वल्हं कुठे मारतो तेवढं बघायचं राहिलं!

त्याने वल्हं वर घेतलं आणि मान वळवली. भालचंद्रचं वल्हंही उजवीकडेच. घामाने न्हालेला, आणि डोळे पाण्याकडे नाहीत, खडकाकडे नाहीत — हरेश्वरच्या पाठीकडे.

"अरे, तू डावीकडून का नाही मारत?"

भालचंद्र अगदी भोळेपणाने म्हणाला, "भावोजी, तुम्ही उजवीकडून मारताय ना? मी तुमच्या उलट कसा जाऊ?"

आहे का यावर उत्तर? बिचाऱ्याची चूक काय? निष्ठाच पाळली त्याने! पण मंडळी, होडीला निष्ठा कळत नाही. होडीला दोन बाजू कळतात.

आमचे हे पेटीवाले अण्णा बघा. मी गाता गाता सूर सोडला, तर ते माझ्यामागे धावत नाहीत. आपल्या सुरावर बसून राहतात. मग मलाच परत यावं लागतं. सुरुवातीला राग यायचा. आता वाटतं, अण्णा माझ्यामागे आले असते तर आम्ही दोघं मिळून कुठे पोचलो असतो, आणि तुम्ही कधीच घरी पोचला असता!

म्हणा माझ्याबरोबर —

*दुजे वल्हे कोणा हाती, आधी पाहा रे,*
*मग आपुले उचला, नाव वाहा रे॥*

आता हरेश्वरपुढे दोन वाटा. भालचंद्रला डावीकडून मारायला सांगून निमूट पुढे जायचं, लाज झाकायची. किंवा? त्याने होडी काठाला आणली. तो खाली उतरला आणि म्हणाला, "माझं निवडताना चुकलं. भालचंद्रचं काही चुकलं नाही." मग चांगुणाबायकडे वळला. "बाय, बसशील माझ्या होडीत?"

वामनशेठच्या माणसांनी कुरकुर केली की सुटलेल्या होडीतली जोडी बदलता येत नाही. गावचे म्हातारे पाटील होते, त्यांनी विचारलं, नारळ दर्याला दिला का? नाही ना? मग अजून काही ठरलं नाही. तेवढ्यात कोणीतरी पुटपुटलं की पण बाईमाणूस वल्ह्यावर? पाटलांनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "तू होडी लोटताना कोणाचं नाव घेतोस?" तो म्हणाला, एकवीरा आईचं. "आई म्हणजे बाप्या का रे?" विषय संपला!

चांगुणाबाय मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "मी तुझ्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणणार नाही."

"माहीत आहे."

"निवडून ये नाहीतर पड, दिवा आज संध्याकाळी लागला पाहिजे. उद्या नाही."

हरेश्वरने नारळावर हात ठेवला. "आज संध्याकाळी."

पदर खोचून ती मागच्या फळीवर बसली. आणि मग काय सांगू! तो म्हणाला, सरळ जाऊ. ती म्हणाली, भरती लागलीय, वरच्या अंगाने घे. तो म्हणाला, तुला काय कळतं? ती म्हणाली, वल्हं चालव, तोंड नको चालवू. मधे एकदा तीच चुकली, रेतीकडे नेत होती. तेव्हा तो म्हणाला थांब, आणि ती थांबली. हेही विसरू नका! थांब म्हणणाऱ्याला थांबताही आलं पाहिजे. काठावर पाण्यावरून त्यांचं भांडण ऐकू येत होतं. पण होडी? भांडत गेली, पण सरळ गेली! दर्याला नारळ दिला आणि भांडतच परत आली.

दुपारी अंगणात माणसं हरेश्वरच्या बाजूला बसत गेली, बसत गेली, शेवटी तुळशीवृंदावनापर्यंत जागा उरली नाही. वामनशेठने स्वतः उठून हार घातला. एका म्हातारीला कोणी विचारलं, अगं, तो तर गोल फिरला, त्याला का मत दिलंस? ती म्हणाली, "चुकल्यावर होडी काठाला आणतो. त्याच्या होडीत माझ्या नातवाला बसवायला मला भीती नाही."

आणि भालचंद्र? रुसला असेल म्हणता? छे! त्याच्या गळ्यात ढोल दिला. तिथे पुढच्याने जशी थाप मारली तशीच मागच्याने मारायची असते. त्याच्यासारखा ढोलकरी पंचक्रोशीत झाला नाही. देवाने टाकाऊ माणूस घडवलेला नाही हो. आपण त्याला चुकीच्या फळीवर बसवतो.

आता मंडळी, तुमच्याकडे वळते. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे अध्यक्ष होतोय? पण दुकानात भागीदार घेता ना? उत्सवाची समिती करता ना? घरात सून आणता, जावई आणता, त्यांच्याकडून फक्त 'हो' ऐकायचं असतं ना? घरात 'थांब' म्हणणारं एक माणूस असेल, तर आज जाऊन त्याला साखर द्या.

आणि दुसरी बाजू. आपण नेहमी समजतो की पुढच्या फळीवर आपणच बसलोय. बहुतेक वेळा आपण मागच्या फळीवर असतो. तेव्हा प्रेमाने, आदराने, आपण वल्हं कुठल्या बाजूला टाकतो? माणसाच्या पाठीकडे बघून, की खडकाकडे बघून? हे ज्याचं त्याने आज निजण्याआधी मनाला विचारावं.

एवढं सांगून थांबले असते. पण गोष्टीतली संध्याकाळ राहिलीय.

त्या संध्याकाळी गावात गुलाल उडत होता. भालचंद्रचा ढोल टिपेला गेला होता. नव्या अध्यक्षाला खांद्यावर घ्यायला पोरं शोधत होती आणि अध्यक्ष सापडत नव्हता. तो केव्हाच पाठीमागच्या वाटेने निघाला होता. एका हातात पुसून लख्ख केलेला कंदील, दुसऱ्या हातात तेलाची बाटली. अंगावर अजून गुलाल. कोणाला काही बोलला नव्हता.

काठावर आला तर छोटी होडी पाण्यात लोटलेली. मागच्या फळीवर पदर खोचून कोणीतरी बसलेलं. पूर्वेला चंद्र नुकता वर येत होता. त्याने कंदील पायाशी ठेवला आणि पुढच्या फळीवर बसला.

मान वळवून मागे बघितलं.

मग आपलं वल्हं उचललं.