तो मध्ये बोलत नाही

(म्हैसूर, लष्कर मोहल्ला. शिलाईच्या दुकानामागची खोली, दुपार. रंगनाथ आणि त्यांची मुलगी सुप्रीता.)

सुप्रीता : त्या दिवशी डॉक्टरांनी अम्मा गेल्याचं सांगितलं, आणि तुम्ही एकटेच घरी आलात.

रंगनाथ : साडी न्यायला. हिरवी, जरीची. खोलीत आलो तर कंप्युटर चालूच. सकाळी चक्कर आली तेव्हा ती याच्यासमोरूनच उठली होती ना. बंद कोण करणार.

सुप्रीता : मग तुम्ही केलात बंद?

रंगनाथ : नाही. बसलो. वाटलं, चहा टाकायला आत गेलीय. येईल.

सुप्रीता : आम्ही तिकडे तुमची वाट बघत होतो, अप्पा.

रंगनाथ : हौदु, खरंय. बघत असाल.

सुप्रीता : अजून रोज उघडता?

रंगनाथ : दुपारी. दुकानाचं शटर अर्धं ओढलं की. हा निळा पडदा येतो, पांढरी अक्षरं येतात. ती जिथे थांबली तिथेच नेऊन सोडतो हा. तिथे ती कर्सरची काडी लुकलुकत असते. बघता बघता डोळा लागतो. कुक्करहळ्ळी तळ्याचं पाणी उजाडायच्या आधी असतं ना, तसल्या निळ्यात मी बसलेला असतो. आणि पलीकडे ती टाइप करतेय. टकटक ऐकू येते. मी काही विचारत नाही.

सुप्रीता : का?

रंगनाथ : विचारलं की ती थांबते, "काय म्हणालात" म्हणून. जागेपणीही तसंच व्हायचं.

सुप्रीता : अप्पा, हा टायपिंगचा प्रोग्रॅम माझ्या वयाचा आहे. एक दिवस कंप्युटर बसेल आणि सगळं जाईल. अम्मा यात टाइप करत होती ती पाळण्याची गाणी मी माझ्या लॅपटॉपवर आणलीत. बघा. अक्षर मोठं केलंय तुमच्यासाठी.

रंगनाथ : छान आहे. चष्म्याशिवाय वाचता येतंय. शेवटचं दाखव.

सुप्रीता : हे. ‘चांदणं सांडलं गं चिंचेच्या पारावरी, माझ्या गं बाळीचं पैंजण…’ इथेच थांबलीय ती.

रंगनाथ : आणि हे पुढे फिकट काय उमटलं?

सुप्रीता : काही नाही. लॅपटॉप आपणहून पुढचे शब्द सुचवतो.

रंगनाथ : वाच.

सुप्रीता : राहू द्या ना.

रंगनाथ : वाच गं.

सुप्रीता : ‘घरपोच मिळेल.’

रंगनाथ : भले. तुझ्या आईने त्यालाच घरपोच केलं असतं.

सुप्रीता : हसलात बघा.

रंगनाथ : बंद कर ते.

सुप्रीता : सुचवणं बंद करता येतं, अप्पा. एक बटण आहे.

रंगनाथ : बोलायची खोड असलेला माणूस गप्प बसला तरी त्याच्या तोंडात शब्द असतोच. तुझी आई काय म्हणायची, माहितेय? दिवसभर गिऱ्हाइकं मध्ये बोलतात, आमचे हे मध्ये बोलतात. हा प्रोग्रॅम एकटाच सुम्ने, गप्प बसतो. मी शब्द शोधत असले तर शोधू देतो. लग्नपत्रिका, अर्ज, सगळं याच्यावरच केलं तिने. तू नवा प्रोग्रॅम घालून दिलास, तर दुसऱ्या दिवशी काढायला लावला.

सुप्रीता : मला वाटायचं, शिकायला घाबरते.

रंगनाथ : ती घाबरणारी होती?

सुप्रीता : इल्ला, नाहीच. पण ओळ अशी अर्धीच ठेवायची? बेट्टदपुरच्या भवानीबाई मावशीला येतं हे गाणं. अम्मा तिच्याकडूनच शिकली. आता हे गाणं येणारी ती एकटीच उरलीय. परवा फोनवर मला अम्मा समजूनच बोलत होती.

रंगनाथ : विसरायला लागली म्हणजे.

सुप्रीता : म्हणून म्हणते, जाऊन या.

रंगनाथ : गेलो होतो. दिवाळीनंतर. वाटेतच येलवालला उतरलो. समोरून म्हैसूरची बस आली, तिच्यात बसलो.

सुप्रीता : का हो?

रंगनाथ : ओळ पुरी झाली की काडी पुढे सरकेल. मग तुझी आई कुठून उठली, ते मला कसं कळणार?

सुप्रीता : अप्पा, अम्माने गाणी टाइप करायला घेतली ती तिच्यानंतर कुणीतरी म्हणावीत म्हणून. काडी तिथे राहावी म्हणून नाही.

रंगनाथ : हूं.

सुप्रीता : रागावलात?

रंगनाथ : नाही. खरं बोलतेस. पण तुझ्या त्या घरपोचवाल्यात नको. ओळ यात लिहायची.

सुप्रीता : आयतु, चालेल. पण मला हा प्रोग्रॅम येत नाही. तुम्ही लिहा.

रंगनाथ : मला कुठे येतो.

सुप्रीता : म्हणजे? रोज उघडता ना?

रंगनाथ : उघडायला येतं. बंद करायला येतं. त्यात अक्षर एकही टाकलेलं नाही मी.

सुप्रीता : अय्यो अप्पा. मग शिकावं लागेल. दोघांनाही.

रंगनाथ : आधी मावशी.

सुप्रीता : सकाळच्या बसने निघू. मी येते बरोबर.

रंगनाथ : ये. मला मध्ये उतरू देऊ नकोस.

सुप्रीता : आणि आता हा बंद करू?

रंगनाथ : राहू दे चालू. आज अजून ओळ अर्धीच आहे.